शेंबूड हिरवा झाला, अँटिबायोटिक देऊ का?

प्रश्न: डॉक्टर, आमच्याकडे एकाला सर्दी झाली की रांगेनं सगळ्यांना होते. आता मुलाचा (वय ७) पाचवा दिवस चालूय, ताप नाहीये, खेळतोय पण, फक्त शेंबूड पार हिरवा झालाय. सासूबाई म्हणतायत इन्फेक्शन आहे, मागच्या वेळचं अँटिबायोटिक अर्धं उरलंय तेच देऊन टाक. देऊ का?

उत्तर: नका देऊ. आणि ते अर्धं उरलं कसं, हे मला आधी सांगा! हिरवा रंग म्हणजे बॅक्टेरिया असं काही नसतं हो. आपल्याच पांढऱ्या पेशी नाकात लढायला येतात, त्यांच्यातलं एक एन्झाइम हिरवट असतं, त्यामुळे साध्या सर्दीतही दोन-तीन दिवसांनी शेंबूड घट्ट आणि पिवळा-हिरवा होतो. सर्दी करणारे व्हायरस २०० च्या वर आहेत आणि अँटिबायोटिक त्यातल्या एकावरही चालत नाही. सर्दी ७ ते १० दिवस घेतेच, खोकला तर २-३ आठवडेही रेंगाळतो. १० दिवसांनी पण उतार नाही, किंवा बरं वाटता वाटता परत ताप चढला, धाप लागली, पाणी पिईना, लघवी कमी झाली, तर मात्र लगेच दाखवा.

तोवर नाकात सलाइनचे थेंब, भरपूर पाणी आणि झोपताना चमचाभर मध, बास. (घरात एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मध चाटवायचा पण नाही, बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो.) वाफ द्यायची असेल तर गरम पाण्याचं पातेलं मुलापुढे ठेवू नका, पातेलं कलंडून भाजलेली मुलं मी पाहिलीयत, आणि वाफेनं सर्दी काही लवकर जात नाही. रांग तोडायची तर साबणानं २० सेकंद हात धुवायचे, शिंकताना तोंड कोपरात, नाक पुसलेला टिश्यू लगेच डब्यात. उशीखाली नको.

प्रश्न: परवा सकाळी ठणठणीत होतो, संध्याकाळी १०२ ताप, अंग असं मोडून आलं की उठवेना. सर्दीची गोळी घेतोय आणि वर तापासाठी पॅरासिटामॉल. ठीक आहे ना?

उत्तर: इतकं अचानक आडवं करणारं म्हणजे बहुतेक फ्लू, सर्दी हळूहळू येते, आधी घसा मग नाक. पण आत्ता उठा आणि सर्दीच्या गोळीची स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच कॉम्बिनेशन गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल आधीच असतं, म्हणजे तुम्ही नकळत डबल घेताय. धडधाकट मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० एमजीच्या ८ गोळ्या, ही शेवटची हद्द, आणि लिव्हरचा त्रास किंवा रोजचं पिणं असेल तर त्याहून कमी, ते डॉक्टरांनाच विचारा. घरात मुलं असतील तर त्यांना तापासाठी ॲस्पिरिन अजिबात नाही. नाक मोकळं करणारा स्प्रे पण ३-४ दिवसांच्या वर मारत बसू नका, नंतर नाक त्याच्याशिवाय उघडतच नाही.

वय ६५ च्या वर, प्रेग्नन्सी, दमा, डायबेटिस, यातलं काही असेल तर वाट बघत बसू नका. फ्लूचं औषध असतं, पण ते पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी.

प्रश्न: फ्लूची लस घेतली तरी महिन्याभरात सर्दी झालीच. पैसे वाया?

उत्तर: नाही. ती लस फक्त इन्फ्लुएंझासाठी, म्हणजे फ्लूसाठी, बाकीच्या सर्दीच्या व्हायरसशी तिचा काही संबंध नाही. लस घेऊनही कधी फ्लू होतो, पण मग सहसा कमी जोरात. व्हायरस रूप बदलत राहतो म्हणून दरवर्षी घ्यायची, आणि अंगात लागू व्हायला साधारण २ आठवडे लागतात, त्यामुळे साथ सुरू व्हायच्या आधी घ्या.