मुलाला माझ्या आजाराविषयी सांगावे का?

प्रश्न : गरोदरपणातील तपासणीत मला एचआयव्ही असल्याचे कळले. तेव्हापासून मी नागपुरातील एका एआरटी केंद्रातून औषध घेते. मुलगा नऊ वर्षांचा असून अठरा महिन्यांचा असतानाच्या तपासणीत त्याला संसर्ग नसल्याचे स्पष्ट झाले. गोळ्यांच्या बाटलीवरचा कागद मी नखाने खरवडून काढते आणि ‘व्हिटॅमिनची गोळी’ असे त्याला सांगते. परवा तो म्हणाला, “मग मलाही एक दे ना!” सासूबाई म्हणतात, लेकराच्या डोक्यावर ओझे नको. काय करू?
— एक भगिनी, नागपूर

उत्तर : ताई, त्याला सांगा; मात्र सगळे एका बैठकीत नको. शाळकरी वयाच्या मुलांना स्वतःचे किंवा आईवडिलांचे निदान त्यांच्या समजेनुसार सांगावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मार्गदर्शिका सांगते. सासूबाईंची काळजी खरी आहे, पण खरवडलेली बाटली रोज पाहणाऱ्या मुलाला काहीतरी लपवले जात आहे हे उमगतेच, आणि उत्तर मिळाले नाही की तो मनाशी जे रचतो ते बहुधा वस्तुस्थितीपेक्षा भयंकर असते. शिवाय व्हिटॅमिन समजून त्याने खरोखरच गोळी घेतली तर? म्हणून तेवढे आजच दुरुस्त करा.

दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलू-नातालमध्ये ‘अमागुगु’ नावाच्या उपक्रमात, संसर्ग नसलेल्या सहा ते दहा वर्षांच्या मुलांच्या बाधित मातांना समुपदेशकांनी घरी जाऊन तयार केले. प्रत्यक्ष सांगण्याचे काम मात्र आईकडेच ठेवले. कुणी ‘एचआयव्ही’ हा शब्द उच्चारला, कुणी ‘विषाणू’वरच थांबली. हा थांबण्याचा मोकळेपणा मला फार मोलाचा वाटतो. तुम्हीही एवढेच म्हणा : “बाळा, माझ्या रक्तात एक विषाणू आहे. ही गोळी त्याला दाबून ठेवते. ती व्हिटॅमिनची नाही, मी तुला चुकीचे सांगितले होते. ती फक्त माझ्यासाठी आहे.”

त्यानंतर, त्याने विचारले नाही तरी, तीन प्रश्न त्याच्या मनात असतील : आई मरेल का, मला होईल का, मला कोण सांभाळेल? रोज औषध घेणारी माणसे दीर्घकाळ चांगले आयुष्य जगतात. मिठीने, पापा घेतल्याने किंवा एका ताटात जेवल्याने हा विषाणू पसरत नाही. त्याची स्वतःची तपासणी झालेली आहे, हे त्याला स्पष्ट सांगा. संसर्ग कसा झाला हा विषय पहिल्या दिवशी काढायलाच हवा असे नाही.

“कुणाला सांगू नकोस” एवढ्यावर मात्र सोडू नका, कारण मुलाला त्यातून लाज कळते. “याविषयी तू माझ्याशी आणि आजीशी केव्हाही बोल” असे सांगा; त्यासाठी सासूबाईंना आधी विश्वासात घ्या. बाहेर कुणाला सांगायचे हा निर्णय तुमचा आहे, आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला एचआयव्ही-एड्स कायदा या गोपनीयतेला संरक्षण देतो.

पुढच्या वेळी औषध घ्यायला जाल तेव्हा केंद्रातील समुपदेशकांसमोर ही वाक्ये मोठ्याने म्हणून पाहा. आवाज भरून आला तर तिथेच येऊ द्या. १०९७ या निःशुल्क क्रमांकावरही बोलता येते. सांगून झाल्यावर तो लगेच खेळायला पळाला, तर त्याला कळले नाही असे समजू नका. चार दिवसांनी, कदाचित तुम्ही बाटली उघडत असताना, तो पुढचा प्रश्न विचारेल.