ख्रिस्ती तरुणाने लैंगिक शुद्धतेत कसं वाढावं? रविवारी केलेला निश्चय बुधवारपर्यंतही टिकत नाही

प्रभूमध्ये सलाम, भाऊ. तुम्ही लिहिलंय की नगर जिल्ह्यातून हिंजवडीत नोकरीला आलात, वाकडला पीजीत राहता, शिफ्ट रात्री उशिरा सुटते आणि खोलीवर आलं की मोबाईलवर नको ते बघण्याची सवय काही केल्या सुटत नाही. रविवारी उपासनेत रडून निश्चय करता, तो बुधवारपर्यंत मोडतो. अशा स्थितीत प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत मंडळीत घेतली जाणारी भाकर आणि द्राक्षारस) घ्यावं का आणि लवकर लग्न केलं तर हे सुटेल का, हेही विचारलंय. मी पाळक नाही. पिंपरीकडच्या एका मंडळीत तरुण संघाचं काम बघतो, त्या अनुभवावरून लिहितोय.

तुमचा निश्चय कच्चा आहे असं मला वाटत नाही. तुम्ही एकटे आहात, हे मात्र तुमच्या प्रश्नात ओळीओळीत दिसतं. घरच्यांना माहीत नाही, पाळकांना सांगायची लाज वाटते, रूममेट विश्वासातला नाही. तरुणपणाच्या वासनांपासून पळ काढ, हे प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलेलं बायबलमधलं वचन आपल्याकडे प्रत्येक युवा शिबिरात ऐकवतात. 2 तीमथ्य 2:22 पुन्हा उघडून पुढचं वाचा. नीतिमत्त्व, विश्वास, प्रीती, शांती यांच्या पाठीस लाग, आणि तेही शुद्ध अंतःकरणाने प्रभूचा धावा करणाऱ्यांबरोबर, असं तिथे आहे. पळायचं ते इतरांच्या सोबतीने, कशाच्या तरी दिशेने. मुलं अर्धं वचन घेऊन खोलीवर जातात, दार लावून घेतात आणि स्वतःशीच झुंजत बसतात. त्यात थकवा येतो, मग निराशा येते, आणि निराश माणूस पुन्हा तिथेच जातो.

बायबलमधल्या दावीद राजाचंच बघा. राजे लढाईला निघतात त्या दिवसांत त्याने सेनापती यवाबाला पुढे पाठवलं आणि स्वतः यरुशलेमेत राहिला. संध्याकाळी पलंगावरून उठून गच्चीवर फिरत होता, तेव्हा स्नान करणाऱ्या एका स्त्रीवर नजर गेली. ती कोण याची त्याने चौकशी केली, तर उत्तर मिळालं की ती त्याच्याच सैन्यातल्या उरीयाची बायको बथशेबा. तिथे थांबायची संधी होती. पण राजाला ‘हे करू नका’ म्हणायची हिंमत असलेलं माणूस त्या संध्याकाळी वाड्यात नव्हतं. त्याला जाब विचारणारा नाथान संदेष्टा आला तो नंतर, तोवर दावीदाने उरीयाला लढाईत मारवलं होतं. तुमच्या आयुष्यात नाथानाने आधीच यावं, म्हणून माझी ही सगळी खटपट आहे. लग्नाचं उत्तरही इथेच आहे. दावीदाच्या घरी बायका होत्याच, तरी तो काही थांबला नाही. वासनेने जळण्यापेक्षा लग्न करणं बरं, असं पौल म्हणतो खरा (1 करिंथ 7:9), पण कुणाची मुलगी औषध म्हणून घरी आणू नका. लग्नानंतर ही सवय तशीच राहिलेली आणि शेजारी झोपलेली बायको आतून तुटत गेलेली, असं मी पाहिलंय.

पुढे मंडळीचा मोठा शिक्षक आणि बिशप झालेल्या ऑगस्टीनची गोष्ट सांगतो. देहवासनेने त्याला वर्षानुवर्षं जखडून ठेवलं होतं. 386 साली मिलानमधल्या एका बागेत त्याने पौलाचं रोमकरांस पत्र उघडलं आणि 13व्या अध्यायाच्या शेवटी नजर थांबली: प्रभू येशू ख्रिस्ताला परिधान करा, देहवासनेसाठी तरतूद करू नका. त्याच वेळी तो वळला. त्या बागेत तो एकटा नव्हता, हे आपण सहसा सांगत नाही. त्याचा मित्र अलिपियस जवळच बसलेला होता. त्याने ते पान मागून घेतलं आणि पुढची ओळ वाचली, विश्वासाने दुबळा असेल त्याला जवळ करा. ही ओळ माझ्यासाठी आहे, असं तो म्हणाला. दोघांचा बाप्तिस्मा पुढच्या वर्षी एकत्रच झाला.

आपल्या पुणे जिल्ह्यातलं केडगावही आठवा. पंडिता रमाबाईंनी 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या, त्या केवळ भुकेतून नव्हे, त्या भुकेचा फायदा घ्यायला टपलेल्या माणसांच्या हातून सोडवून आणल्या. शुद्धतेचा विचार करताना मला त्यांचं केडगावचं मुक्ती मिशन पहिलं आठवतं ते यामुळे. 1 थेस्सलनीका 4 मध्ये पवित्रीकरणाबद्दल बोलताना पौल लगेच म्हणतो की या बाबतीत कुणी आपल्या भावाचं वाईट करू नये. तुमच्या स्क्रीनवर जी दिसते ती कुणाची तरी मुलगी आहे, देवाच्या प्रतिरूपात घडलेली आहे, आणि ती तिथे स्वखुशीने आली की नाही हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. हा विचार आपल्या लाजेपेक्षा जास्त काम करतो, कारण लाज माणसाला स्वतःभोवतीच फिरवत ठेवते. याच केडगावात 1905 साली मोठं आत्मिक जागरण झालं. त्याआधी मुली-बायका रोज एकत्र प्रार्थना करत होत्या, आणि जागरण आलं तेव्हा रडून पापांची कबुली देणं सुरू झालं. तेही सगळ्यांच्या सोबतीत.

आता मोबाईलचं. ‘तरतूद करू नका’ याचा पीजीतला अर्थ असा की चार्जर उशीपाशी ठेवायचा नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा बाहेरच्या हॉलमध्ये फोन लावा आणि उठायला गजराचं साधं घड्याळ घ्या. खरी घसरण बहुतेकदा खोलीत होतच नाही, ती कंपनीच्या कॅबमध्ये सुरू होते. मान मागे टाकलेली, दिवसभराचा शीण, अंगठा रील्सवर. आमच्या संघातला एक मुलगा कॅबमध्ये बसला की सोबत्याला ‘निघालो’ एवढंच पाठवतो. सोबती एका स्तोत्राचा क्रमांक पाठवतो आणि तो ते वाचत घरी येतो. सकाळी विचारणा होते, ‘रात्र कशी गेली?’ नुसतं ‘बरी’ म्हटलेलं चालत नाही, असं दोघांनी ठरवून घेतलंय. उपाशीपोटी झोपू नका, हेही सांगतो. भूक आणि जागरण यांत माणूस पटकन ढिला पडतो.

मनात विचार आला म्हणून पाप झालं, असं समजून स्वतःला झोडपू नका. इब्री 4:15 सांगतं की येशू सर्व प्रकारे पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. विचार येणं वेगळं, त्याला बसायला पाट देणं वेगळं. आणि इंद्रियदमन गलतीकर 5 मध्ये आत्म्याच्या फळात शेवटी येतं, प्रीती आणि आनंद यांच्याच रांगेत. दात-ओठ खाऊन ते येत नाही. सकाळी वचन वाचण्यात, मंडळीत सेवा करण्यात, कुणाच्या दुखण्याखुपण्याला धावून जाण्यात मन गुंतलं की ते हळूहळू धरतं. वेळ लागतो, अगदी खराच लागतो.

प्रभुभोजनाबद्दल मंडळ्यांच्या शिस्ती वेगवेगळ्या आहेत, म्हणून आपल्या पाळकांना जरूर विचारा. माझं मत विचाराल तर 1 करिंथ 11:28 मध्ये माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग खावं असं आहे, परीक्षा करून उठून जावं असं नाही. पाप लपवून, ते तसंच चालू ठेवायचं ठरवून मेजाशी जाणं भयंकर आहे. पश्चात्तापाने पोळलेला माणूस मात्र तिथे नाही, तर कुठे जाईल?

सांगायचं कुणाला? वयाने थोडा मोठा, पुरुषच, ज्याच्या पोटात गोष्ट राहते असा. मैत्रिणीला किंवा जिच्याशी लग्नाचं बोलणं चाललंय तिला हे काम देऊ नका. ऐकून धक्का बसणारा नको, आणि ‘सगळ्यांचंच असं असतं रे’ म्हणून सोडून देणाराही नको. तुमची झोप उडाली असेल, कामावर परिणाम होत असेल, तर समुपदेशकाकडे जा. त्याने तुमचा विश्वास कमी ठरत नाही. येत्या रविवारी उपासना सुटल्यावर लगेच बस पकडू नका, थोडं थांबा आणि एका माणसाला गाठा. वाकडच्या बाजूला अजून तुमची अशी मंडळी नसेल, तर इथेच खाली तसं लिहा. मी ओळखीच्यांना विचारून सांगतो.