६८ किलोचा बर्नार्ड आणि चार बाय चारची मोरी

प्रश्न : आमचा सेंट बर्नार्ड जातीचा कुत्रा तीन वर्षांचा आहे, वजन ६८ किलो. फ्लॅटमधली मोरी जेमतेम चार बाय चार. आंघोळीची वेळ झाली की हा दारातच बैठक मारतो. मग मी, यजमान आणि सासरे मिळून ओढतो. दर रविवारी आंघोळ घालूनही अंगाला कुबट वास येतोच. पार्लरवाले म्हणतात, सगळे केस उतरवा, उन्हाळ्यात त्याला बरं वाटेल. काय करावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी ती ओढाओढ थांबवा. आपण बसलो की या तिघांचं काही चालत नाही, हे त्याला कधीच कळून चुकलंय. बसण्याचं कारण बहुधा फरशी असते. ओल्या टाइल्सवर एवढ्या वजनाच्या कुत्र्याचे पाय फाकतात, तो घाबरतो. खाली रबरी मॅट किंवा जाड गोणपाट अंथरा आणि आठवडाभर पाण्याचा थेंबही न उडवता संध्याकाळचं जेवण तिथेच द्या. सासऱ्यांना ओढण्यातून मोकळं करा. त्यांनी डोक्याशी स्टुलावर बसून चमचा चमचा दही चाटवायचं, एवढंच. सोसायटी हो म्हणाली तर गच्ची उत्तम. फक्त एप्रिल-मे महिन्यात पाइपमध्ये साचलेलं पाणी चटका देतं, ते आधी हातावर घेऊन पाहा.

आता वासाचं. तो मळाचा नाही, ओलीचा आहे. ही जात स्वित्झर्लंड-इटली सीमेवरच्या २,४६९ मीटर उंचीच्या बर्फाळ खिंडीतली. वरचे केस राठ, खाली लोकरीसारखी दाट लव. ही लव पाणी सहजासहजी कातडीपर्यंत जाऊ देत नाही, आणि एकदा गेलं की बाहेरही येऊ देत नाही. तुमचा कुत्रा रविवारी भिजतो आणि बुधवारपर्यंत आतून दमटच राहतो. महिना-दीड महिन्यातून एकदा आंघोळ पुरे.

खरा वेळ आंघोळीच्या आधी आणि नंतर द्या. आधी विंचरणं. कानामागे, काखेत आणि मागच्या मांड्यांवर गुंता होतो. तो भिजला की आवळून घट्ट होतो, मग फणी शिरतच नाही. एका हातानं केस वर धरायचे, खाली भांग पाडल्यासारखी कातडीची रेघ दिसली पाहिजे, तिथून लांब दातांची फणी फिरवायची, मग बोटभर वर सरकायचं. नुसतं वरवर ब्रश फिरवून कुत्रा छान दिसतो, गाठी आत तशाच राहतात. गाठीला कात्री मात्र लावू नका. कातडी गाठीत ओढली गेलेली असते आणि ती पटकन कापली जाते; अशी कुत्री टाके घालायला माझ्याकडे येतात.

पाणी कोमट, सुरुवात पायांपासून, डोकं शेवटी आणि तेही ओल्या फडक्यानं. शाम्पू कुत्र्यांचाच हवा. आपल्या त्वचेचा सामू (पीएच, म्हणजे आम्लपणा मोजायचा आकडा) साडेपाचच्या आसपास, त्यांचा सातच्या जवळ. शाम्पू मगभर पाण्यात पातळ करून ओता, म्हणजे आतपर्यंत पोचतो. तो लावायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट वेळ धुवायला द्या. आंघोळ सकाळी उपाशीपोटी. भरल्या पोटी अशी झटापट नको, या रुंद छातीच्या जातींमध्ये पोट फुगून जठराला पीळ पडण्याचा धोका असतो आणि ते जिवावर बेततं.

नंतर वाळवणं. चार-पाच जुने पंचे घ्या, घासू नका, दाबून पाणी टिपा. मग पंखा आणि कुत्र्यांसाठीचा गार हवेचा ब्लोअर. आपला केसांचा ड्रायर गरम ठेवून एका जागी धरला तर कातडी भाजते. हनुवटीखाली लाळ सतत गळत असल्यानं गळ्याची घडी दिवसातून दोनदा कोरडी पुसा. पावसाळ्यात तिथेच रात्रीतून तळहाताएवढा लालभडक, चिघळलेला चट्टा उठतो. तसं दिसलं तर घरगुती मलम न लावता डॉक्टरांकडे न्या.

केस उतरवायचे नाहीत. पार्लरवाल्यांना खुशाल माझं नाव सांगा. तीच लव विंचरून मोकळी ठेवली की तिच्यातून हवा खेळते आणि वरच्या केसांमुळे ऊन कातडीवर येत नाही. एकदा मशीन फिरलं की केस पुन्हा उगवतात ते ठिगळं लावल्यासारखे. शेपटीखालचे आणि पंजांच्या गादीमधले केस तेवढे कापा, फरशीवर पकडही बरी मिळेल.

आणि मानेवर गोचिडांचं औषध टाकत असाल, तर त्याच्या आधीचे दोन दिवस आणि नंतरचे दोन दिवस आंघोळ नको.