शंभराच्या आत यायचंय ना?

चि. … यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

नाव मुद्दाम गाळलंय. हे पत्र तू रविवारच्या ग्रुपवर टाकणार याची मला खात्री आहे, आणि गोल्फमधल्या तुझ्या 102 फटक्यांची वरात माझ्यामुळे निघायला नको.

परवा रात्री साडेदहाला तू स्कोअरकार्डाचा फोटो पाठवलास आणि खाली एवढंच लिहिलंस, "काका, नवीन ड्रायव्हर घेऊ का?" पहिला लांब फटका मारायची ती काठी बदलली की आकडा उतरेल, असा तुझा हिशेब. नाचता येईना अंगण वाकडं, असं उत्तर तिथल्या तिथे टाइप केलं होतं, पण पुसलं. तू मनापासून विचारलं होतंस. मीही तुझ्यासारखाच तीन वर्षं 98 ते 104 च्या मध्ये हेलपाटे घालत होतो आणि त्या काळात दोन ड्रायव्हर बदलले होते.

आधी तुझं कार्ड. अठरा होलचा, पार 72 चा कोर्स (पार म्हणजे चांगल्या खेळाडूला लागावेत तेवढे फटके), त्यावर 102, म्हणजे तीस जास्त. मी पेन्सिल घेऊन ते पुन्हा मांडलं. तीन पार, सात बोगी (पारपेक्षा एक जास्त), चार डबल (दोन जास्त), दोन ट्रिपल (तीन जास्त), एका होलवर पारपेक्षा चार जास्त, आणि अकराव्यावर, जिथे पार चार आहे, तिथे नऊ. म्हणजे दहा होलवर मिळून तू फक्त सात जास्त घेतलेस. त्या दहा होलवर तू माझ्या बरोबरीने खेळलास, मान्य करतो. उरलेल्या आठ होलवर मात्र तेवीस गेले.

आता एक गंमत कर. या यादीतले शेवटचे चार होल, म्हणजे दोन ट्रिपल, तो चार जास्तवाला आणि अकरावा, फक्त डबलवर आणून ठेव. बाकी कार्डाला हात लावू नकोस. एकही फटका सुधारायचा नाही, एकही पुट, म्हणजे होलजवळचा घरंगळता फटका, जास्त घालायचा नाही. बेरीज 95 येते. आणि शंभराच्या आत यायला पार लागतच नाही. नऊ बोगी आणि नऊ डबल झाले की 99 होतात. हे मला कुणी पंधरा वर्षांपूर्वी कागदावर मांडून दाखवलं असतं तर एका ड्रायव्हरचे पैसे तरी वाचले असते.

अकराव्यावर काय झालं ते तू फोनवर इतक्या तपशिलात सांगितलंस की मी तिथे नसूनही मला ते दिसलं. ड्राइव्ह, म्हणजे पहिला फटका, स्लाइस होऊन, म्हणजे उजवीकडे वळत, तिकडच्या झाडीत. दोन बुंध्यांच्या मधून ग्रीनचा, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीचा, झेंडा दिसत होता. तू पाच नंबरचा क्लब घेतलास, चेंडू डावीकडच्या बुंध्यावर आपटून तुझ्याच पायापाशी आला. मग पुन्हा पाच नंबर, पुन्हा तीच फट. या वेळी तो निसटला आणि सरळ नाल्यात. एक पेनल्टी (दंडाचा फटका), ड्रॉप (चेंडू बाहेर टाकणं), पाचवा ग्रीनच्या बाजूच्या बंकरमध्ये, म्हणजे रेतीच्या खड्ड्यात, सहावा बंकरमध्येच, सातवा बाहेर, दोन पुट. नऊ.

तुला यातला कुठला फटका चुकलेला वाटतो? तू म्हणालास, "बंकरमधला." मला तसं वाटत नाही. ड्राइव्हसुद्धा मी चूक मानत नाही. स्लाइस आपल्या सगळ्यांच्या पाचवीलाच पुजलाय. चुकला तो दुसरा, आणि तो मारण्याआधीच चुकला होता. झाडीत गेल्यावर तुझ्या डाव्या हाताला वीस यार्डांवर मोकळा फेअरवे, म्हणजे मधला कापलेला पट्टा, होता. तिथे वेजने, म्हणजे आखूड पल्ल्याच्या क्लबने, चेंडू नुसता ढकलला असता तर तिसरा फटका गवतावरून, ग्रीनच्या आसपास. चिप (छोटा उचललेला फटका), दोन पुट, सहा. पुट पडला असता तर पाच. फट दिसली म्हणून तू मारलंस. कोपऱ्यावरून रिक्षा घुसवताना दिसते तशी ती फट असते, दिसते त्यापेक्षा नेहमी अरुंद.

यात लाजण्यासारखं काही नाही. 1999 साली स्कॉटलंडमधल्या कार्नुस्टीला ब्रिटिश ओपनच्या शेवटच्या होलवर फ्रान्सचा जाँ व्हान द वेल्द तीन फटक्यांनी पुढे होता. सहा केले असते तरी ओपन त्याची होती. त्याने टीवर, म्हणजे सुरुवातीच्या जागी, ड्रायव्हर घेतला, चेंडू उजवीकडे गेला पण वाचला. मग दोन नंबर आयर्न, म्हणजे लांब पल्ल्याचा क्लब, काढून ग्रीनकडे. चेंडू प्रेक्षकांच्या स्टँडला लागून मागे आला, उंच गवतात पडला, तिथून बॅरी बर्न नावाच्या ओढ्यात. बुटमोजे काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो पाण्यात उतरला, बराच वेळ चेंडूकडे बघत उभा राहिला, आणि शेवटी पेनल्टी घेऊन ड्रॉप केला. त्यानंतर बंकर. सात झाले, बरोबरी होऊन प्लेऑफ झाला आणि दिवसाच्या सुरुवातीला दहा फटके मागे असलेला पॉल लॉरी जिंकला. लोकांना पाण्यात उभा असलेला माणूस आठवतो. मला ते दोन नंबर आयर्न आठवतं. तिथून वेजने दोनदा पुढे ढकलून तीन पुट केले असते तरी सहा झाले असते.

मला हे पुस्तकातून नाही, एका कॅडीकडून, म्हणजे बॅग उचलणाऱ्या सोबत्याकडून, कळलं. साठीचा माणूस, जन्म कोर्सवर गेलेला. पार पाचचा होल, चेंडू रफमध्ये, म्हणजे उंच गवतात, खोल बसलेला, आणि मी बॅगेत लांब पल्ल्याच्या तीन नंबर वूडसाठी हात घातला. त्याने बॅग हळूच आपल्या अंगाकडे ओढली. "साहेब, तो झोपलाय. झोपू द्या." आणि सात नंबर हातात दिला. मी चिडलो होतो, खोटं कशाला सांगू. पण त्या होलवर सहा झाले, आणि एरवी तिथे मी आठ लिहायचो. तेव्हापासून टीवर उभा राहिलो की त्याला एकच विचारायचो, "कुठे जाता कामा नये?" कुठे मारू, हे सगळेच विचारतात.

हे वाचून तू ड्रायव्हर माळ्यावर टाकशील, तर तसंही नको. ड्राइव्ह दाखवायला आणि पुट कमवायला, अशी एक म्हण गोल्फवाले उठसूट तोंडावर फेकतात. कोलंबिया विद्यापीठातले मार्क ब्रॉडी यांनी हजारो फेऱ्यांचे फटके मोजून ती बरीचशी मोडीत काढली. चांगल्या आणि कच्च्या खेळाडूच्या स्कोअरमधला साधारण दोन तृतीयांश फरक होलपासून शंभर यार्डांच्या बाहेरच्या फटक्यांतून येतो, असं त्यांच्या हिशेबात निघालं. पण तुझ्या बाबतीत तो फरक लांबीचा नाही, वाकडेपणाचा आहे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपल्या अदिती अशोकचा ड्राइव्ह तिथल्या साठ जणींत सगळ्यात छोट्यांपैकी होता, आणि ती चौथी आली. ब्राँझ एका फटक्याने हुकलं. तुझा ड्राइव्ह कदाचित तिच्यापेक्षा लांब जात असेल. पुढचं मी बोलत नाही.

तेव्हा ड्रायव्हर ठेव, पण एक कर. उजवीकडे धोका असेल तर चेंडूची खुंटी टीच्या उजव्या बाजूलाच रोव आणि फेअरवेच्या डाव्या काठाकडे तोंड कर. स्लाइस झाला तर मध्यात येतो, सरळ गेला तर डाव्या काठावर. तू याच्या बरोबर उलट करतोस. धोक्याला घाबरून टीच्या डाव्या टोकाला उभा राहतोस, आणि तिथून पूर्ण फेअरवे तिरपा ओलांडून चेंडू झाडीत नेतोस. जिथे दोन्हीकडे ओबी, म्हणजे कोर्सची हद्द, आहे, तिथे हायब्रिड, ड्रायव्हरपेक्षा सोपा क्लब. बस.

ग्रीनवर मारताना झेंडा विसर, ग्रीनचा मध्य बघ. आणि एक क्लब जास्त, म्हणजे थोडा लांब जाणारा, घे. तू म्हणतोस सात नंबर 150 यार्ड जातो. जातो, महिन्यातून एकदा, वारा पाठीला असताना. बाकीच्या वेळी 138. म्हणूनच तुझे निम्मे चेंडू ग्रीनच्या अलीकडच्या बंकरमध्ये पडतात. बंकर खोदणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं, तो ग्रीनच्या अलीकडेच खोदतो.

तो साठ डिग्रीचा लॉब वेज, चेंडू उंच उडवायचा. कुणाच्या नादाने घेतलास माहीत नाही. मे महिन्यात आपल्याकडची जमीन टणक, गवत खरवडलेलं, चेंडूखाली क्लब सरकवायला जागाच नसते. त्यावर लॉब वेज म्हणजे एकतर चेंडूच्या मागे माती खणणं, नाहीतर धार चेंडूच्या पोटात लागून तो ग्रीन ओलांडून पार. मी एकदा तसाच एक क्लबहाउसच्या पायऱ्यांपर्यंत पोचवला होता. तिथे एक गृहस्थ चहा पीत होते. कपबशी वाचली, ओळख मात्र झाली. ग्रीनच्या काठावरून पुटर चालत असेल तर पुटर, नाहीतर आठ नंबरने छोटा पुटसारखा फटका, चेंडू लवकर जमिनीवर आणि मग घरंगळत. दिसायला भिकारडा, पण त्यात होलवर आठ फटके होत नाहीत.

पुटिंगवर तू सगळ्यात जास्त चिडतोस, म्हणून थोडं सविस्तर. आठ फुटांवरून पीजीए टूरवरचे व्यावसायिक खेळाडूही निम्मेच पुट घालतात. वीस फुटांवरून साधारण सातातला एक. टीव्हीवर आपल्याला फक्त पडलेले दिसतात, म्हणून आठ फुटांचा चुकला की तू पुटर बॅगेवर आपटतोस. त्या पुटला काही झालेलं नव्हतं. तुझे फटके जातात ते तीस फुटांवर, जिथून तू पहिला पुट सात फूट मागे ठेवतोस किंवा सात फूट पुढे नेतोस. होलचा व्यास 108 मिलिमीटर, चेंडूचा जेमतेम 43. जागा भरपूर आहे, पण ती जवळून. ग्रीनवर दहा पावलं मोजून चेंडू ठेव आणि होलभोवती पुटरच्या लांबीचा गोल मनात आखून त्यात थांबवायची सवय कर. दिशेपेक्षा वेग. आधी लांबचे वीस, मग तीन फुटांचे वीस. मधल्यांची सध्या काळजी करू नकोस.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो, कारण जूननंतर तुझा स्कोअर पाचने वाढतो आणि तू पावसाला दोष देतोस. चेंडू घरंगळत पुढे जात नाही, पडतो तिथे बसतो. म्हणजे प्रत्येक फटक्याला एक लांब जाणारा क्लब लागणार, हे डोक्यात घे. ओली रेती घट्ट असते, तिच्यावर क्लबचा तळ उसळतो आणि चेंडूच्या पोटात लागतो, तेव्हा क्लबचं तोंड नेहमीइतकं उघडू नकोस. आणि नियम वाच, त्यात फुकट फटके पडून आहेत. रफमध्येसुद्धा चेंडू आपल्याच खळग्यात रुतला असेल तर दंडाशिवाय काढता येतो. साचलेल्या पाण्यात उभं राहून मारायची सक्ती नाही. झुडपात चेंडू अडकला तर एक फटक्याच्या दंडात दोन क्लबच्या अंतरात ड्रॉप मिळतो, आणि तो एक फटका बहुतेक वेळा तू झुडपाशी कुस्ती करून घालवतोस त्या तीन फटक्यांपेक्षा स्वस्त. ड्राइव्ह हरवल्याची शंका आली की तिथेच, पुढे जायच्या आत, प्रोव्हिजनल, म्हणजे राखीव चेंडू, मार, आणि तो प्रोव्हिजनल आहे असं मोठ्याने सांग. 2019 पासून शोधायला पाचऐवजी तीनच मिनिटं मिळतात. तीन मिनिटांनी मान खाली घालून टीवर परत येणारा माणूस पुढचा फटका रागातच मारतो.

सरावाचं थोडक्यात. शंभर चेंडूंची बादली घेऊन नव्वद ड्रायव्हरने उडवणं म्हणजे व्यायाम आहे. अर्धी बादली कोर्स समजून मार. पहिल्या होलचा ड्राइव्ह, मग त्याच होलचा दुसरा, मग वेज. एकच क्लब दोनदा लागोपाठ घ्यायचा नाही. कोर्सवर दुसरा चेंडू टाकून पुन्हा मारायला कुणी देत नाही, ते सोबत्यांनी दिलेले मलिगन सोडून. आणि तेही बंद कर. ते दोन मलिगन आणि तीन "गिव्हन" पुट, न मारताच सोडून दिलेले, मोजले असते तर परवा 102 सुद्धा नव्हते, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. हँडिकॅप, म्हणजे खेळाडूच्या कुवतीचा आकडा, शेवटच्या वीसातल्या उत्तम आठ फेऱ्यांवर निघतो. तिथे खोटं लिहिलं की स्पर्धेच्या दिवशी चारचौघांत तेच कार्ड खरं करून दाखवावं लागतं.

आता घरचा अभ्यास. पुढच्या तीन फेऱ्या आकड्याच्या बाजूला एक अक्षर लिहायचं. झाडीतून हिरोगिरी केली तर झ, पेनल्टी गेली तर द, तीन पुट झाले तर त. बाकी काही नाही. तिसऱ्या कार्डानंतर तूच मला सांगशील की तुझं दुखणं कुठलं आहे. माझा अंदाज झ आहे, पण मी आधीही चुकलोय.

आणि एक. हिंजवडीहून गाडी हाणत येऊन सहा वीसच्या टी टाइमला सहा अठराला बूट बांधत पोचलास की पहिल्या होलवर ट्रिपल ठरलेला. परवाचा एक ट्रिपल पहिल्याच होलवरचा आहे, मी पाहिलं. रविवारी पावणेसहाला ये. दहा पुट, दहा चिप, चहा. चहा माझा.

तुझा,
काका

ता. क. अकराव्याच्या नाल्यात काल कॅडी उतरला होता. तुझ्या खुणेचे चेंडू सापडले, लाल ठिपकेवाले. एक नाही, पाच. धुऊन माझ्या बॅगेत ठेवलेत.