बाजार चढला म्हणजे मंदी संपली का?

प्रश्न: गेले तीन महिने शेअर बाजार चढतोच आहे, टीव्हीवर सगळे म्हणतात इकॉनॉमी सावरली. पण आमच्या ऑफिसात भरती बंद आहे, गेल्या महिन्यात दोघांना काढलं. मिस्टर म्हणतात ठेव मोडून सगळे पैसे आत्ताच शेअर्समध्ये टाकू, नंतर महाग पडेल. मला भीती वाटते. काय करावं?

उत्तर: ताई, तुमची भीती अगदी रास्त आहे. बाजार आजचा हिशोब सांगत नाही, पुढे काय होईल याचा अंदाज बांधतो, आणि तो अंदाज किती सपशेल चुकू शकतो ते बघा. सप्टेंबर १९२९ मध्ये अमेरिकेचा डाऊ जोन्स, म्हणजे तिथल्या मोठ्या कंपन्यांच्या शेअर्सचा निर्देशांक, ३८१ वर होता, नोव्हेंबरात १९८ पर्यंत कोसळला आणि मग एप्रिल १९३० पर्यंत परत २९४ च्या आसपास आला, लोकांना वाटलं संपलं संकट, ज्यांनी तेव्हा पैसे घातले त्यांनी जुलै १९३२ मध्ये तोच निर्देशांक ४१ वर पाहिला. १९२९ ची उंची परत गाठायला १९५४ उजाडलं!

आता दुसरी बाजूही सांगते. २००९ मध्ये तिथला बाजार मार्चमध्येच तळाला जाऊन वळला आणि बेरोजगारी मात्र ऑक्टोबरपर्यंत वाढत १० टक्क्यांवर गेली, म्हणजे तेव्हा बाजार बरोबर ठरला. पण त्याच्या आधी, नोव्हेंबर २००८ ते जानेवारी २००९, अशीच जोरदार तेजी येऊन विरून गेली होती. चालू असताना दोन्ही सारख्याच दिसतात हो, हीच तर पंचाईत आहे.

मी स्वतः निर्देशांकापेक्षा कंपन्यांचे निकाल बघते. नफा वाढलाय ना, मग तो विक्री वाढून आलाय की माणसं कमी करून आणि खर्च छाटून? खर्च छाटून आलेला नफा एक-दोन तिमाही छान दिसतो, पण छाटायला कितीसं उरतं, आणि ज्यांचे पगार गेले तेच कुणाचे तरी गिऱ्हाईक होते ना. कित्येकदा व्याजदर उतरले की ठेवीत काही मिळत नाही म्हणूनही पैसा शेअर्सकडे वळतो, त्याचा धंदा सुधारण्याशी संबंध असेलच असं नाही.

तेव्हा ठेव मोडू नका. तुमच्याच ऑफिसात माणसं कमी होतायत, निदान सहा-आठ महिन्यांचा घरखर्च हाताशी हवाच. मिस्टरांना फारच वाटत असेल तर दर महिन्याच्या शिलकीतून थोडे थोडे टाकू देत.