पहिली दुर्बीण घेताना डोळ्याची बाहुली लक्षात ठेव

१० बाय ५० ची, म्हणजे १० पट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगाची दुर्बीण घेतोयस, चांगली निवड आहे. टेलिस्कोपची घाई नको. दोन्ही डोळ्यांनी दिसलेलं मेंदू एकत्र करतो, म्हणून देवयानी दीर्घिकेसारखा पुसट डाग एका डोळ्यापेक्षा लवकर सापडतो.

५० भागिले १०, म्हणजे ५ मिमी रुंदीचा झोत डोळ्यात येतो. तरुणाची बाहुली अंधारात साधारण ७ मिमीपर्यंत उघडते, वयाबरोबर ती कमी होते. बाबांसाठी ७ बाय ५० घेतलीस तर बराच उजेड बाहुलीबाहेरच पडेल.

नवीन मंडळी चुकतात ती इथे:

- बेळगावजवळ जांबोटीकडे अंधारात गाडीतून उतरलं की लगेच बघायला लागतात. बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण डोळा अंधाराला पुरता सरावायला २०-३० मिनिटं लागतात. मोबाईल खिशात ठेव.
- फोकस लावताना एक डोळा घट्ट मिटतात. त्याने दुसराही ताणतो. डोळे उघडेच ठेव, एका भिंगावर झाकण लाव.

घरी दिव्याखाली आरशात बघ: एका डोळ्यावर तळहात धरलास की दुसऱ्याची बाहुली किंचित मोठी होते, कारण ती दोन्ही डोळ्यांतल्या उजेडावर ठरते. हे एकदा नक्की करून बघच.

कोटिंग, फिल्टर नंतर. आधी कृत्तिका शोध.