बापाचा लाडका

प्रश्न: बायबलमधल्या याकोबाने आपल्या मुलांपैकी एकट्या योसेफाचे उघड लाड केले, घर फुटलं. तरी देव त्याच घराला धरून राहतो. मग बापाची चूक चालते का?

उत्तर: चालत नाही. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्ती 37 मध्ये, बापाकडून खास झगा एकट्या योसेफालाच मिळतो आणि भावांच्या मत्सरापायी हा 17 वर्षांचा पोर चांदीच्या 20 तुकड्यांना विकला जातो. याकोब हे घरीच शिकला होता. त्याचा बाप इसहाक, त्याचा ओढा थोरल्या एसावाकडे, तोही शिकारीच्या मांसापायी! आता लगेच अध्याय 44 वाचा. याकोब फारसा बदललेला नाही, फक्त लाडका आता धाकटा मुलगा बन्यामीन आहे. पण योसेफाला विकायचं सुचवणारा भाऊ यहूदाच, मिसरात गुलाम म्हणून अडकणाऱ्या बन्यामीनऐवजी, स्वतः गुलाम व्हायला पुढे होतो, आणि तेही बापाला हा घाव सोसणार नाही म्हणून. देवाचं काम आम्हांला तिथे दिसतं, झग्यात नाही.